निराधारांच्या फायली आणि कायद्याचं शिक्षण: विद्यार्थ्यांनी या कामाला वेळ द्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी विद्यार्थिनी मूळची भुदरगड तालुक्यातली, कोल्हापुरात पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्राला निराधार अनुदान, रेशन, दिव्यांग दाखले, बांधकाम कामगार नोंदणी या कामांसाठी मुलं हवी आहेत. वर्गातले बरेच जण सिनिअर वकिलांकडे बसायला लागलेत. वडील म्हणतात, ‘फॉर्मच भरायचे होते तर सेतूत बसायचं होतंस, कायदा कशाला शिकतीस?’ मग आठवड्याचा एक दिवस या कामाला द्यावा का, आणि पुढे वकिलीची सनद घेतल्यावर त्याचा काही उपयोग होतो का?

द्यावा, आणि होतो. मी इथल्या जिल्हा न्यायालयात वीसेक वर्षं काम करते आहे, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही होते, आणि दर वर्षी माझ्याकडे अशी काही मुलं येतात. त्यांचं पुढे काय होतं ते पाहून सांगते आहे. मात्र वडिलांचं बोलणं झटकून टाकू नका, त्यात तथ्य आहे. नुसते फॉर्म भरत राहिलात तर वर्षाअखेरीस तुम्हाला सेतूतल्या ऑपरेटरपेक्षा जास्त काही येणार नाही, आणि तो ते काम तुमच्या दुप्पट वेगानं करतो. कायद्याचं काम सुरू होतं ते माणसाला ‘नाही’ म्हटलं जातं तिथे. अर्ज नामंजूर होतो, चालू अनुदान बंद पडतं, रेशनकार्डावरचं नाव उडतं, किंवा टेबलावरून ‘तुम्ही योजनेत बसत नाही’ एवढंच ऐकून माणूस परत फिरतो. त्या ‘नाही’च्या मागे कोण आहे, त्याला तो अधिकार आहे का, त्यानं कोणत्या शासन निर्णयातल्या कोणत्या निकषावर नाही म्हटलं, आणि ते कुठे लिहून दिलंय का, हे शोधणं म्हणजे वकिली. सरकारी निर्णयाला आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेतही हेच चार प्रश्न असतात. तिथे भाषा इंग्रजी आणि कागद जाड, एवढाच फरक.

एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. करवीर तालुक्यातल्या एक विधवा बाई, वय पन्नाशीच्या पुढचं, संजय गांधी निराधार योजनेचा पगार घेणाऱ्या. गावात या अनुदानाला सगळे पगारच म्हणतात. त्या केंद्रात आल्या आणि म्हणाल्या, ‘सा म्हैनं झालं, पगार न्हाई. कचेरीत म्हणत्यात तुमचं नाव चालू हाय, पैसं जात्यात. ब्यांकेत म्हणत्यात काय आलंच न्हाई. मी कुठं जाऊ आता?’ एका एजंटानं त्यांच्याकडून पैसे घेऊन नवा अर्जही भरून दिला होता. त्याचा काहीच उपयोग होणार नव्हता, कारण जुनी मंजुरी रद्द झालेलीच नव्हती.

त्या दिवशी केंद्रात शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती. तिनं नवा कागद काढला नाही. आधी पासबुक मागितलं आणि मागून पुढे वाचत गेली. नोंदी नियमित होत्या आणि एका महिन्यानंतर एकदम थांबल्या होत्या. अनुदान थेट आधार जोडलेल्या खात्यात जमा व्हायला लागलं तोच तो काळ. मुलीनं विचारलं, ‘मावशी, दुसरं खातं काढलंय का कुठं?’ त्या म्हणाल्या, ‘न्हाई बाई.’ तिनं वाद घातला नाही. घरात कोण आहे, कर्ज आहे का, बचत गट आहे का, असं एकेक विचारत गेली. अर्ध्या तासानं मावशी म्हणाल्या, ‘गटाच्या कर्जाला साहेब आलं हुतं, तवा अंगठा घेतला हुता की.’ तो अंगठा दुसऱ्या बँकेत खातं उघडण्यासाठी होता, आणि आधार त्या नव्या खात्याला जोडलं गेलं होतं. आधारवरून जाणारा पैसा शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. त्या बँकेत जाऊन चौकशी केली तर सगळे हप्ते तिथे पडून होते.

यात एकाही कलमाची गरज लागली नाही. पण बघा त्या मुलीनं काय केलं. कचेरी म्हणते पैसे गेले, बँक म्हणते आले नाहीत, आणि दोघंही खरं बोलत असतील तर मधे काय घडलं असेल, असा तिनं विचार केला. कोण खोटं बोलतंय ते शोधत बसली नाही. साक्षीदार ‘नाही’ म्हणाला की त्याच्यावर न चढता आजूबाजूचे प्रश्न विचारून खरी गोष्ट त्याच्याच तोंडून काढायची, हे उलटतपासणीचं कसब आहे. माझ्या ऑफिसात ते शिकायला ज्युनिअरला बरीच वर्षं लागतात, कारण तिथे त्याला बोलायचीच संधी मिळत नाही. तो तारखा घेतो, झेरॉक्स काढतो, अर्ज टाइप करतो. ती मुलगी आता सनद घेऊन कामाला लागली आहे, आणि पक्षकार समोर बसला की आधी कागद कुठला आणि कुठल्या तारखेचा हे विचारण्याची तिची सवय तिथूनच आलेली आहे.

आता ‘नाही’ लेखी घेण्याबद्दल. हे मी प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगते, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागता येत नाही. म्हणून अर्ज कधीही नुसता टेबलावर ठेवून यायचं नाही. दोन प्रती न्यायच्या, आवक शाखेत द्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ऑनलाइन भरला असेल तर पावती छापून ठेवायची. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला हे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. त्यांना मुदत ठरलेली आहे, मुदतीत दिला नाही किंवा नाकारला तर लेखी कारण द्यावं लागतं, आणि ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. चूक सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. निराधार अनुदानाचा अर्ज तालुका समितीपुढे जातो. तिथे काय झालं ते कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात सभेचं इतिवृत्त आणि फायलीवरची टिपणी मागायची. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही, फक्त पुरावा जोडायचा. ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ असं मोघम विचारू नका. ‘अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची आणि निर्णयाची प्रत’ असं मागा. हा एक नीट लिहिलेला परिच्छेद बऱ्याचदा अडकलेली फाईल हलवतो.

कारण लेखी मिळालं की खरी मजा सुरू होते. ‘मुलगा कमावता आहे’ असं कारण असेल तर शासन निर्णयात नेमकं काय म्हटलंय, मुलगा विभक्त आहे का, रेशनकार्ड वेगळं आहे का, चौकशी करणाऱ्या तलाठ्यानं घरी जाऊन पंचनामा केला की चावडीत बसून लिहिलं, एकेक तपासा. शासन निर्णय मूळ वाचायचा. त्याच्यानंतर आलेलं शुद्धिपत्रक आणि सुधारणा वाचायची. व्हॉट्सअॅपवर फिरणारं पत्रक वाचून कुणालाही सल्ला देऊ नका. मी असे कितीतरी अर्ज पाहिलेत की जे जुन्या निकषावर नाकारले गेले होते, आणि नवा निर्णय दाखवल्यावर त्याच टेबलावर मंजूर झाले. त्या लिपिकाला कुणाशी वैर नव्हतं, त्याच्यापर्यंत नवा निर्णय पोचला नव्हता एवढंच.

या योजनांच्या आकड्यांशी मैत्री करा. संजय गांधी योजना १९८० ची. जुलै २०२३ पासून अनुदान महिना १५०० रुपये झालं, आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये. अपंगत्वाचा कायदा माहीत असलेल्या विद्यार्थ्याला इथे लगेच काहीतरी आठवलं पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये म्हटलंय की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. म्हणजे दोघांनाही १५०० मिळत होते त्या काळातही हा मुद्दा उभा होता. आता प्रश्न वेगळा येतो. एखादी बाई विधवा म्हणून मंजूर आहे आणि तिला दिव्यांगत्वही आहे, तर तिची नोंद कोणत्या वर्गात आहे ते पाहा. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयातून दाखला आणि ओळखपत्र झालंय का, ते फायलीला लागलंय का, हे विचारा. महिन्याला १००० रुपयांचा फरक आहे. त्या घरात त्याचा अर्थ औषध किंवा औषधाशिवाय राहणं असा असतो.

सगळ्यात अवघड गोष्टीवर आता येते. संजय गांधी योजनेत नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांपर्यंत असावं लागतं, दिव्यांगांसाठी ५० हजार. २१ हजार म्हणजे महिन्याला १७५० रुपये. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दरानं एका माणसानं वर्षात ६८ दिवस काम केलं की कुटुंब मर्यादेबाहेर गेलं. उरलेले जवळपास तीनशे दिवस ते कुटुंब काय खातं, याचं उत्तर निकषात नाही. त्यामुळे समोरची मावशी तुम्हाला सरळ सांगेल की ‘लिवा की बाई एकवीस हजार, सगळीच लिवत्यात.’ तुम्ही काय करणार?

लिहू नका. स्वयंघोषणापत्रावर सही किंवा अंगठा त्यांचा असतो, खोटं निघालं तर वसुली आणि गुन्हा आधी त्यांच्यावर येतो. तुमच्या पेनानं त्यांना त्या जागी नेऊन बसवू नका. पण ‘बसत नाही’ म्हणून घरीही पाठवू नका. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का ते आधी बघा, तो वेगळा दरवाजा आहे. वय ६५ च्या पुढे असेल तर श्रावणबाळ योजना बघा, पण उत्पन्नाची अट तिथेही असते. घरात मुलगा-मुलगी सांभाळत नसतील आणि त्यांची ऐपत असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे निर्वाह खर्चाचा अर्ज होतो. त्या कायद्याच्या कलम १७ नुसार पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडता येत नाही. या कलमावर उच्च न्यायालयांत वाद झालेत तो भाग वेगळा, पण नीट लिहिलेला अर्ज आणि कागदांची जुळणी करून देणारा विद्यार्थी तिथे म्हाताऱ्या माणसाला फार मोठा आधार असतो. घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्रानं करून दिलं असेल तर कलम २३ बघा, बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहिली आहे का ते बघा. एका ‘नाही’मागे असे तीन-चार रस्ते निघतात. बांधकाम कामगारांच्या नोंदणीतही ९० दिवस काम केल्याचा दाखला हीच अडचण आहे. खरा गवंडी, खरा सेंट्रिंगवाला ठेकेदाराकडून दाखला आणू शकत नाही, आणि ज्यानं आयुष्यात पाटी उचलली नाही त्याच्याकडे दाखला तयार असतो. तुम्ही खऱ्याचा खरा दाखला कसा मिळेल यावर मेहनत घ्या. त्यासाठी साइटवर जावं लागलं तर जा.

ही कात्री वर्गात कुणी शिकवत नाही. निकष अन्यायाचा आहे असं मनापासून वाटत असताना पक्षकाराला खोटं लिहू न देणं, आणि तरी त्याला मोकळ्या हातानं न पाठवणं, हा वकिलीतला रोजचा प्रसंग आहे. विसाव्या वर्षी कुणाच्या तरी देखरेखीखाली तो अनुभव घेतलेला बरा.

आता करिअर. आधी जिथे उपयोग होत नाही ते सांगते, म्हणजे गैरसमज नको. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. विद्यार्थी असताना केलेलं काम त्यात धरलं जात नाही, तो काळ सनदेनंतर मोजतात. मुंबईच्या मोठ्या कंपनी कायद्याच्या फर्ममध्ये जायचं असेल तर प्रमाणपत्रावरची ‘विधी सहाय्य’ ही ओळ पाहून कुणी बोलावणार नाही. आणि या कामातून पैसे मिळत नाहीत. प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकांना नेमून दिलेल्या दिवसाचं मानधन असतं, पण घर त्यावर चालत नाही. कॉलेजच्या केंद्रात तेही नाही. वडिलांना हे आधीच स्पष्ट सांगा.

जिथे उपयोग होतो ते असं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. स्वयंसेवी संस्थेतलं काम त्यात चालतं, फक्त एकदा तरी वकिलांकडे जावं लागतं आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. कॉलेजकडून आधी मान्यता घ्या, डायरी त्याच दिवशी लिहा. महिनाभरानं आठवून लिहिलेली डायरी तोंडी परीक्षेत दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडते.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत कायद्याचे विद्यार्थी सनद घेईपर्यंत विधी स्वयंसेवक म्हणून काम करू शकतात. तो अनुभव पुढे त्याच व्यवस्थेत उपयोगी पडतो. २०२२ पासून फौजदारी खटल्यांसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची जी पद्धत आली, त्यात सहाय्यक वकिलाच्या जागेला नव्या सनदधारकांचाही विचार होतो. मुलाखतीला बसणाऱ्यांना निराधार माणसाशी बोलता येणारा वकील पटकन ओळखू येतो.

पण माझ्या मते आपल्या जिल्ह्यापुरतं सगळ्यात मोठं कारण दुसरंच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात चालू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. त्यासाठी इथल्या वकिलांनी चार दशकं आंदोलनं केली. १५०० रुपयांच्या अनुदानासाठी चंदगडचा माणूस मुंबईला रिट करायला कधीच जाणार नव्हता. आता तो विधी सेवेतून वकील मागून कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच्या या बेंचसमोर येऊ शकतो. तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या प्रशासकीय निर्णयांना आव्हान देणाऱ्या याचिका इथे वाढत जाणार, आणि त्या चालवायला प्रशासनाचं टेबल माहीत असलेले तरुण वकील लागणार. रिटमध्ये साक्षीपुरावा सहसा होत नाही, सगळा खेळ खालून आलेल्या कागदांवर असतो. अर्ज केव्हा दिला, पोच आहे का, कारण लेखी आहे का, सुनावणी दिली का, अपील केलं का. हे कागद ज्यानं तालुक्यात बसून तयार केलेत तो वर चांगला युक्तिवाद करतो. चालू अनुदान नोटीस न देता बंद केलं तर नैसर्गिक न्यायाचा, म्हणजे निर्णयाआधी बाजू ऐकून घेण्याचा, मुद्दा कसा बांधायचा, हे त्याला पुस्तक उघडण्याआधी सुचतं.

तेवढीच काळजी निकाल वापरतानाही घ्या. मुलं ‘पेन्शन ही मेहेरबानी नव्हे’ हे सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं हमखास उद्धृत करतात. ते सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांतलं आहे, देवकीनंदन प्रसाद (१९७१) आणि डी. एस. नाकारा (१९८२). निराधार अनुदानाला ते जसंच्या तसं लागू होत नाही, समोरचा सरकारी वकील लगेच वेगळेपण दाखवेल. त्यापेक्षा जवळचे निकाल आहेत. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात घटनापीठानं म्हटलं की ठसे जुळले नाहीत म्हणून कुणाचा लाभ नाकारता येणार नाही. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात ॲसिडहल्ला झालेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना डिजिटल केवायसीत सामावून घेणं हा कलम २१ चा भाग मानला. आयुष्यभर ऊस तोडून, गुऱ्हाळावर राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाचं रेशन ई-केवायसीपाशी अडतं, तेव्हा हे निकाल कामाला येतात. कोणता निकाल कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे प्रत्यक्ष माणसासमोर बसल्यावर जितकं पक्कं होतं तितकं परीक्षेच्या नोट्सवरून होत नाही.

आणखी एक संधी सध्याच्या काळाची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत, भविष्य निर्वाह निधी, विमा, ग्रॅच्युइटी सगळं तिथेच. बारमधले अनुभवी वकीलसुद्धा ही संहिता नव्यानं वाचतायत. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोली-गोकुळ शिरगावचे कारखाने, साखर कारखाने आपल्या दाराशी आहेत. तुम्ही आत्ता ती नीट वाचलीत तर सनद मिळेपर्यंत या विषयात तुम्ही कुणाच्या मागे नसाल. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या अधिकारी पदांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग जी परीक्षा घेतो, तिच्या अभ्यासक्रमातही कामगार कायदे आणि सामाजिक सुरक्षा आहे. उद्या राज्यसेवेतून तुम्ही स्वतः तहसीलदार झालात तर टेबलाच्या पलीकडच्या माणसाचे हेलपाटे तुम्हाला माहीत असतील. मला तर हा उपयोग सगळ्यात मोलाचा वाटतो.

हे गाव राजर्षी शाहूंचं आहे. ज्यांना वकिलीच्या दारात उभं राहू दिलं जात नव्हतं अशा अस्पृश्य समाजातल्या तरुणांना त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. गरीब माणसाची बाजू मांडायला त्याच्यातलाच शिकलेला माणूस हवा, हे इथे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं गेलं होतं. तुम्ही भुदरगडच्या आहात, गावाकडची बोली तुमच्या कानाला सवयीची आहे. ‘अंगठा घेतला हुता’ या वाक्याचा अर्थ शहरात वाढलेल्या मुलाला दोनदा विचारावा लागतो, तुम्हाला नाही. ती तुमची मोठी जमेची बाजू आहे.

काही बंधनं. तुम्ही वकील नाही, त्यामुळे वकीलपत्र नाही, न्यायालयात उभं राहणं नाही, ‘तुमचं काम होणार’ असं आश्वासन तर अजिबात नाही. ‘प्रयत्न करू, अमुक तारखेला काय झालं ते सांगते’ एवढंच म्हणा आणि त्या तारखेला खरंच सांगा. कुणाकडून पाच रुपये घेऊ नका, चहासुद्धा आपला आपण घ्या, कारण त्या माणसानं आधीच एजंटाला पैसे दिलेले असतात. आधार आणि पासबुकाचे फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवू नका. ओटीपी कुणाचा विचारू नका, त्यांनी आपणहून सांगितला तरी थांबवा. समाजमाध्यमांवर लाभार्थ्यासोबतचा फोटो टाकू नका. गरिबीची जाहिरात त्या माणसानं मागितलेली नसते. आणि कचेरीत जाताना भांडायच्या तयारीनं जाऊ नका. एका नायब तहसीलदाराकडे अनेक गावांच्या फायली असतात. नीट लावलेली, पानांवर क्रमांक घातलेली फाईल त्यालाही हवीच असते.

शिबिरांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. एका दिवसात दोनशे अर्ज भरून घेणारी शिबिरं लोकांच्या नोंदणीला उपयोगी असतात, पण विद्यार्थ्याला त्यातून फारसं काही मिळत नाही, कारण अर्जाचं पुढे काय झालं हे त्याला कधीच कळत नाही. ‘नाही’ येतं ते तीन महिन्यांनी, आणि तोवर मंडप उठलेला असतो. म्हणून एकच ठरलेला वार धरा आणि वर्षभर तोच पाळा. लोकांनाही कळतं की गुरुवारी ती पोरगी असते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, एखाद्या वेळी तिथे नुसतं बसून लोक काय मांडतात आणि अधिकारी काय उत्तर देतात ते ऐका. सिनिअरकडे बसणं सोडू नका. दोन्ही करा. दिवाणी दाव्यातला दावा-कैफियत तुम्हाला तिथेच शिकायला मिळेल, आणि केंद्रातला एखादा पेच सिनिअरला विचारता येईल. फक्त पक्षकाराचं नाव न सांगता विचारा.

सुरुवात कशी करायची? कॉलेजमध्ये केंद्राची जबाबदारी असलेल्या प्राध्यापकांना भेटा आणि पहिलाच प्रश्न विचारा, ‘नाकारलेल्या अर्जांचा पाठपुरावा कोण करतं?’ कुणी करत नसेल तर तेच काम मागून घ्या. सोबत कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विधी स्वयंसेवकांची पुढची निवड केव्हा आहे ते विचारा. लोकांना १५१०० हा विधी सेवेचा मोफत क्रमांक सांगता यावा म्हणून तो पाठ ठेवा. विधी सेवा कायदा, १९८७ चं कलम १२ पाठ करा: महिला, मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, पूरग्रस्त यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शिरोळ-करवीरमध्ये हे किती लोकांना माहीत नव्हतं ते मी पाहिलंय. एक वही करा, तिच्यात नावाऐवजी क्रमांक, आणि चार रकाने: काय मागितलं, कोणी नाही म्हटलं, लेखी कारण काय, पुढची तारीख. पाच वर्षांनी मुलाखतीत कुणी विचारलं की तुम्ही काय केलंत, तर त्या वहीतली एक फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा. ती सांगताना तुम्हाला कायदा येतो की नाही हे समोरच्याला कळतं.

एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गारगोटीकडच्या गावांचं काम घ्यायला हरकत नाही, फक्त परतीची शेवटची गाडी बघून निघा. परीक्षेच्या महिन्यात सुट्टी घ्या, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. पण जाण्याआधी ज्या फायलींना अपिलाची मुदत चालू आहे त्या दुसऱ्या मुलीच्या हातात द्या, तारीख लाल शाईनं लिहून, आणि त्या मावशींना फोन करून तिचं नाव सांगा.